पोर्ट एकोणीस आणि लिफ्ट

सूनबाई काय करतात असं कोणी विचारलं, की माझ्या सासूबाई सांगायच्या, "कॉलेजात असते. दिवे बघते."

त्यांचं काही चुकत नव्हतं. एकदा त्या कॉलेजच्या गॅदरिंगला आल्या होत्या, तेव्हा मीच त्यांना सर्व्हर रूम दाखवली होती. तळमजल्यावर जिन्याला लागून असलेली, एसी सतत चालू असलेली खोली. काचेच्या कपाटात एकावर एक चपट्या पेट्या, प्रत्येक पेटीला चोवीस भोकं, भोकाभोकात निळी वायर आणि प्रत्येक वायरीपाशी लुकलुकणारा हिरवा दिवा. सासूबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला, दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "लुकलुकतंय म्हणजे बरं आहे ना?"

"हो."

"मग झालं तर. चल, बाहेर वडे संपतील."

घाटकोपरच्या या कॉलेजात मी बरीच वर्षं नेटवर्क सांभाळते आहे. राहते नाहूरला, स्कूटीने येते-जाते. त्या चपट्या पेट्या म्हणजे स्विच आणि भोकं म्हणजे पोर्ट. एकेका पोर्टाला कुठलातरी विभाग जोडलेला: लायब्ररी, स्टाफरूम, प्रयोगशाळा, ऑफिस. नेट बंद पडलं की सगळे माझ्याकडे येतात आणि चालू असतं तेव्हा मी कॉलेजात आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं. पण खरं काम असतं ते चालू असतानाच. स्विच सगळं लिहून ठेवतो. अमुक पोर्ट बंद झाला, चालू झाला, किती माल, म्हणजे डेटा, आला, किती गेला, आलेल्या मालातला किती वाटेतच फाटला. या फाटक्या मालाला आम्ही 'एरर' म्हणतो. चांगल्या वायरीवर एरर शून्य हवेत. मी रोज सकाळी चहा घेता घेता हे आकडे बघते. लोक राशिभविष्य बघतात तसं, फरक इतकाच की हे खरं ठरतं.

तर मागच्या वर्षी परीक्षांच्या आधी पोर्ट एकोणीसवर एरर दिसायला लागले.

पोर्ट एकोणीसची वायर तिसऱ्या मजल्यावर परीक्षा विभागात जाते. त्यांचे कॉम्प्युटर तिच्यावर आणि तिथल्या कॉरिडॉरचा कॅमेराही तिच्यावरच. कॅमेरा असल्यामुळे त्या वायरीवरून दिवसरात्र काही ना काही येतच असतं. परीक्षा विभागाची तक्रार होती की फाइल चढवताना मध्येच अडकते. मी आधी नेहमीचे उपाय केले. खालची छोटी वायर बदलली, वरचा जोड बदलला, पोर्ट बदलून पाहिला. ढिम्म फरक नाही. गंमत म्हणजे एरर सतत येत नसत. पाच मिनिटं काही नाही, मग एकदम पंधरा-वीस सेकंद नुसता धो धो. पुन्हा शांत. आलेखावर छान उभे सुळके दिसायचे. लेक्चर सुटायच्या वेळी दाट, अकराच्या चहाच्या सुमारास दोन-तीन आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा गर्दी.

एवढं वक्तशीर बिघडणारं यंत्र मी पाहिलेलं नव्हतं.

उलगडा झाला तो परीक्षा विभागाच्या शिपाई मावशींमुळे. या मावशी मूळच्या मालवणकडच्या, राहायला विक्रोळीच्या चाळीत, कॉलेजात इतकी वर्षं झालेल्या की प्राचार्य बदलत राहिले आणि मावशी तिथेच राहिल्या. एकदा मी खाली बसून त्यांच्याशी फोनवर बोलत होते. तुमच्याकडचा कॉम्प्युटर बंद करा, चालू करा, असं चाललेलं. तेवढ्यात फोनमध्ये मागून आवाज आला, "कृपया दरवाजा बंद करा. कृपया दरवाजा बंद करा." मग खडखड करून जाळी ओढल्याचा आवाज. आणि माझ्या डोळ्यांसमोर एक नवा सुळका उगवला.

"मावशी, आत्ता लिफ्ट गेली का?"

"गेली. कित्याक?"

"परत आली की सांगा मला."

मिनिटभराने त्या म्हणाल्या, "इली." मी बघतच होते. सुळका आधीच आला होता.

आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दारांची. एक दार मजल्याचं, एक आतलं. दोन्ही नीट लागली नाहीत तर आतली रेकॉर्ड केलेली बाई "कृपया दरवाजा बंद करा" म्हणत राहते. मला आता खात्री करून घ्यायची होती. मी मावशींना म्हटलं, तुम्ही फोन चालू ठेवून लिफ्टमध्ये बसा आणि पाच-सहा वेळा वर-खाली करा. निघाल्या की 'निघाले' म्हणा, थांबल्या की 'थांबले'.

"नुसता वर-खाली करू? काम न्हाय धंदो न्हाय? लोक काय म्हणतले गो?"

"काही म्हणत नाहीत. पाच मिनिटं."

मावशी कुरकुरत आत शिरल्या, पण दुसऱ्या फेरीपासून त्यांना मजा यायला लागली. "निघालंय गो बाय," म्हणायच्या, आणि इकडे सुळका. "थांबलंय." सुळका खलास. चौथ्या फेरीला फोनमध्ये एक भारदस्त आवाज आला, "मावशी, मघापासून बघतोय. लिफ्टमध्ये काय चाललंय तुमचं?"

हे आमचे रजिस्ट्रार. कडक माणूस. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, प्रत्येक गोष्टीला नियम. मावशींनी जराही न डगमगता सांगितलं, "मॅडमनी सांगल्यानी म्हणान फेरे मारतंय. त्यांका विचारा."

दहा मिनिटांत मी त्यांच्या केबिनमध्ये उभी होते. मी सांगितलं की आमची वायर ज्याने टाकली त्याने भिंती फोडायचा त्रास वाचवून ती लिफ्ट वर-खाली होते त्या पोकळीतून, मोटरच्या जाड केबलला बांधून वर नेली आहे. मोटर चालू झाली की तिच्या विजेचा त्रास आमच्या वायरीला होतो. वायर दुसऱ्या बाजूने न्यायला हवी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण चालतंय ना?"

"चालतंय, सर. पण अडखळत."

"चालतंय ना. मग परीक्षा होऊ देत, सुट्टीत बघू."

झालं. 'चालतंय ना' या दोन शब्दांवर मुंबईतल्या किती वायरी, किती गटारं आणि किती संसार उभे आहेत देव जाणे. मी खाली आले आणि परीक्षा विभागाला सांगितलं, मोठ्या फाइली लेक्चर सुटायच्या वेळी चढवू नका.

पुढचे दोन महिने तो आलेख माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात उघडाच राहिला. काम करता करता नजर जायची. लिफ्ट एक मजला चढली की बारीक सुळका, तळापासून तिसऱ्यापर्यंत गेली की रुंद. मी काही मुद्दाम शिकले नाही, पण रोज खिडकीतून रस्ता बघणाऱ्याला बसच्या वेळा पाठ होतात तसं झालं. आत कोण बसलंय ते अर्थातच कळायचं नाही. तरी स्टाफरूममध्ये "मी तर जिन्यानेच जातो, व्यायाम होतो" असं सांगणारे एक प्राध्यापक निघून गेले की मी गुपचूप खाली येऊन स्क्रीन बघायचे. आणि हसायचे.

मग तो शनिवार आला.

परीक्षा संपल्या होत्या. दुपारी दोनपर्यंत कॉलेज रिकामं झालं. मी थांबले होते, कारण स्विचना नवीन सॉफ्टवेअर द्यायचं होतं आणि ते कुणी काम करत नसतानाच देता येतं. वर परीक्षा विभागातही काम चालू होतं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याच्या स्ट्राँगरूममध्ये न्यायचे होते. मावशी मला सकाळीच म्हणाल्या होत्या, पाच फेऱ्या होतील, आणि रजिस्ट्रार स्वतः प्रत्येक फेरीला बरोबर असणार, नियमच आहे तसा.

मी डबा खाल्ला. मग जुने लॉग, म्हणजे स्विचनी लिहून ठेवलेल्या नोंदी, एका जागी जपून ठेवायला घेतले. त्यात बराच वेळ गेला. तीनच्या सुमारास, सॉफ्टवेअर चढवायच्या आधी सगळे पोर्ट ठीक आहेत ना म्हणून नजर टाकली, तर पोर्ट एकोणीसचा आलेख विचित्र दिसला.

एक रुंद सुळका लिफ्ट खाली आल्याचा, एक वर गेल्याचा. पुन्हा खाली, पुन्हा वर. तीन फेऱ्या अशा नीट झालेल्या. चौथ्या फेरीत लिफ्ट खाली निघाली होती, पण तो सुळका अर्धाच होता. चाकूने कापल्यासारखा. आणि त्यानंतर पाऊण तास एकही मोठा सुळका नाही.

मला वाटलं, चहा प्यायला थांबले असतील. पण तिथे आणखी काहीतरी होतं. रिकाम्या जागेत बारीक बारीक ठिपके. दोन एरर, तीन एरर. जरा थांबून पुन्हा दोन. आधी घाईघाईने, दाट. मग विरळ. मी लॉग उघडला. पोर्ट बंद पडलेला नव्हता, कॅमेरा चालू होता, म्हणजे वायर ठीक होती. मोटर क्षणभर चालू व्हायचा प्रयत्न करत होती आणि थांबत होती. पुन्हा प्रयत्न, पुन्हा थांबणं.

मोटर आपणहून प्रयत्न करत नाही. कोणीतरी बटण दाबत होतं.

ते लक्षात येताच मी उठले. मी खोलीचं दार उघडलं. एसीच्या घरघरीमुळे आत इतका वेळ काही ऐकू आलं नव्हतं. बाहेर पडल्यावर आलं, वरून, अगदी पुसट: "कृपया दरवाजा बंद करा. कृपया दरवाजा बंद करा."

मी जिना धावत चढले. पहिला आणि दुसरा मजला यांच्या मध्ये लिफ्ट लटकली होती. दुसऱ्या मजल्याच्या जाळीतून खाली वाकून बघितलं तर लिफ्टच्या वरच्या भागात हातभर फट दिसत होती आणि त्या फटीतून मावशींच्या अंबाड्यातला गजरा.

"मावशी!"

"इलंस? देवा म्हाराजा! अगो, ह्या बाईचा तोंड आधी बंद कर. पाऊण तास झालो, दरवाजो बंद करा, दरवाजो बंद करा! बंदच हा गो बाय तो!"

"सर आहेत ना बरोबर?"

 मग रजिस्ट्रारांचा आवाज आला, पण तो त्यांचा वाटेना. "गठ्ठे सुरक्षित आहेत," ते म्हणाले. श्वास लागलेल्या माणसासारखे.

मी आणखी वाकले. ते लिफ्टच्या कोपऱ्यात एका गठ्ठ्यावर बसले होते. शर्ट घामाने चिंब, डोळे मिटलेले. आणि मावशींनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता, तापातल्या लेकराचा धरतात तसा.

"सायबांका बंद जागेचो तरास होता," मावशी खालून हळूच म्हणाल्या. "काय नाय, बरे आसत. तू माणूस बोलाव."

फोन कुणाकडेच नव्हता. उत्तरपत्रिका हलवताना कोणीही मोबाइल जवळ ठेवायचा नाही, हा नियम रजिस्ट्रारांनीच काढलेला. धोक्याची घंटा दाबली तर वाजली नाही. तिचा सेल कधी संपला कोणाला माहीत. हाका मारल्या त्या वॉचमनपर्यंत पोचल्या नाहीत, कारण त्याची केबिन पार रस्त्याच्या गेटपाशी आणि रस्त्यावर खोदकाम चालू.

मी लिफ्टवाल्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, विक्रोळीत आहे, बाइक काढतो, वीस मिनिटं द्या. काही उघडायला जाऊ नका." वॉचमनला फोन करून पाण्याची बाटली मागवली, ती जाळीच्या भोकातून जाईना, तेव्हा दोरीला बांधून दाराच्या खालच्या फटीतून सोडली. मावशींनी आधी सरांना पाजली, मग स्वतः प्यायल्या.

मग मी दुसऱ्या मजल्याच्या फरशीवर जाळीला टेकून बसले.  या माणसाशी मी इतक्या वर्षांत रजेचा अर्ज आणि वायरी सोडून काही बोलले नव्हते.

"सर, वीस मिनिटांत माणूस येतोय."

"वीस?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"ट्रॅफिक नसेल तर कमी."

"मावशी," ते म्हणाले, "मघाचं सांगा पुढे. ती म्हैस."

"खय होतंय मी?"

"विहिरीपाशी."

आणि मावशींनी पुढे सुरू केलं. त्यांच्या लहानपणी गावातली एक म्हैस कोरड्या विहिरीत पडली होती, आणि तिला वर काढायला अख्खी वाडी जमली होती. कोणी दोर आणला, कोणी शिडी, कोणी नुसताच सल्ला. पाऊण तास मावशी ही एकच गोष्ट लांबवत बसल्या होत्या. रजिस्ट्रार मध्येच विचारायचे, "मग दोर कुठे बांधला?" आणि त्यांच्या श्वासाची लय जरा खाली यायची. मीही ऐकत बसले. ती बाई मधूनमधून दरवाजा बंद करायला सांगत होती, आणि मावशी तिला "गप गो" म्हणून पुढे जात होत्या.

मेकॅनिक अठराव्या मिनिटाला आला. गच्चीवरच्या खोलीत जाऊन त्याने हाताने चाक फिरवत लिफ्ट इंचाइंचाने दुसऱ्या मजल्याला आणली. मी जाळी सरकवली. आधी मावशी बाहेर आल्या, वळल्या, आणि सरांना हात दिला. ते बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले.  मग उठून मागे वळून लिफ्टमध्ये डोकावले आणि गठ्ठे मोजले. सगळे होते.

"दाराचा कॉन्टॅक्ट सैल झालाय," मेकॅनिक म्हणाला. "दार लागलेलं असून लिफ्टला वाटतं उघडं आहे. बटण दाबलं की एक झटका, आणि परत बंद."

हे गठ्ठे आणि वर राहिलेले शेवटच्या फेरीचे, वॉचमन धरून आम्ही चौघांनी जिन्याने खाली नेले. स्ट्राँगरूमला कुलूप लागल्यावर रजिस्ट्रार माझ्याकडे वळले. "वॉचमनला कळलं नाही. कॅमेरा लिफ्टमध्ये नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"पोर्ट एकोणीस, सर."

"दाखवा."

ते पहिल्यांदाच सर्व्हर रूममध्ये आले. मावशीही आल्या. मी स्क्रीनवर दाखवलं. ही पहिली फेरी, ही दुसरी, ही तिसरी, आणि इथे अर्धी तुटलेली. मग ते ठिपके. रजिस्ट्रारांनी चष्मा वर करून पाहिलं. पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा मी?"

"हो."

"आणि हे सगळे?"

"तेही तुम्हीच असणार, सर."

"मी सांगत होतंय, दाबू नका, दाबू नका," मावशी म्हणाल्या. "ऐकतत खय!"

रजिस्ट्रार मोठ्याने हसले. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते रुमालाने नीट, घडी न मोडता पुसले. "बरं झालं नाही ऐकलं," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी ऑफिसातून कागद फिरले. लिफ्टची घंटा बदलायची, आत फोन बसवायचा, दाराची दुरुस्ती, आणि गठ्ठे नेताना एक मोबाइल बरोबरच्या अधिकाऱ्याकडे असायचा. पण त्यात माझ्या वायरीचा उल्लेख नव्हता. मी केबिनमध्ये गेले.

"सर, केबल?"

"ती राहू द्या," ते गंभीरपणे म्हणाले. "तिच्यामुळेच तर कळलं."

"सर, ती खराब आहे म्हणून कळलं."

"मग चांगली केली आणि परत कोणी अडकलं, तर?"

हा माणूस थट्टा करत नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती. मी खुर्ची ओढून बसले, कोणी बसा म्हणायच्या आधीच, आणि समजावलं. मी शनिवारी जेवायला घरी गेले असते तर? रविवार असता तर? मी पाऊण तास लॉगच जपत बसले होते, स्क्रीन शेजारीच होता आणि बघितलाच नाही. कुणाच्या नशिबाने नजर गेली, याला व्यवस्था म्हणत नाहीत. घंटा वाजली पाहिजे, फोन लागला पाहिजे. आधी ते होऊ दे, मग केबल बदलू.

त्यांनी थोडा विचार केला. "आधी घंटा, मग केबल," ते म्हणाले आणि तसंच लिहिलं.

घंटा बसली त्या दिवशी ते स्वतः लिफ्टच्या दारात उभे राहून तीनदा वाजवून गेले. आत मात्र शिरले नाहीत. अजूनही जिन्यानेच जातात. त्याच आठवड्यात नवी वायर मागच्या बाजूने वर गेली. जुनी मी स्वतः पोर्टातून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट एकोणीसवर एरर शून्य. आलेख सपाट. परीक्षा विभागाच्या फाइली झरझर चढायला लागल्या. मला आनंद झाला, पण खरं सांगायचं तर दोन-चार दिवस जरा चुकल्याचुकल्यासारखंही वाटत राहिलं. लिफ्ट कुठे आहे ते आता मला कळत नव्हतं.

रजिस्ट्रारांना मात्र त्या खोलीची गोडी लागली. शनिवारी दुपारी काम संपलं की ते येतात, एसीत दहा मिनिटं बसतात आणि लॉग वाचतात. पहिल्यांदा म्हणाले, "यात इतकं लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही?" मी म्हटलं, "मी वाचते." ते म्हणाले, "तुम्ही सोडून." एके शनिवारी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तीच ओळ दर दोन मिनिटांनी पुन्हा पुन्हा येत होती. लायब्ररीतला प्रिंटर कळवत होता, की दुसऱ्या ट्रेमध्ये कागद नाही.

"हे कधीपासून आहे?"

मी मागे मागे जाऊन बघितलं. कित्येक महिने. मी ती ओळ रोज बघत होते आणि रोज सोडून देत होते, कारण प्रिंटर चालत होता, पहिल्या ट्रेवर.

रजिस्ट्रार उठले, स्टेशनरीच्या कपाटातून कागदाचा गठ्ठा काढला आणि लायब्ररीकडे गेले. मी स्क्रीन बघत बसले. चार मिनिटांनी ती ओळ यायची थांबली.